मांजरपाटाचा अंगरखा

मी दालनात शिरले तेव्हा आमचे संचालक आणि शिपाई मिळून एका निळ्या डोळ्यांच्या पुतळ्याला रायाजीमहाराजांचा अंगरखा चढवत होते.

पुतळा बाजारपेठेतल्या ‘शुभमंगल ड्रेसेस’मधून उसना आणला होता. त्याच्या कपाळावर लग्नसराईतलं कुंकू अजून शाबूत होतं, ओठ गुलाबी होते आणि छाती अशी होती की बघणाऱ्याने आपलं पोट आपोआप आत ओढावं. संचालक डॉ. तांबवेकर पुढून अंगरख्याचे बंद खेचत होते. इलाही मागून पुतळ्याची कंबर धरून उभा होता.

“बसेल, बसेल. जुनं कापड सैल होतं ओढल्यावर,” तांबवेकर म्हणाले.

मग काखेतून आवाज आला. जुनं रेशीम फाटताना मोठा आवाज करत नाही. पुस्तकात ठेवलेलं पिंपळाचं पान उचलताना होतो, तेवढाच होतो. तो ऐकू येण्यासाठीच मला संग्रहालयाने नेमलं होतं.

“सर, थांबा.”

“हात लावू नका रेगेबाई, बसतोय.”

“बसत नाहीये. फाटतोय.”

तांबवेकरांनी बंद सोडले आणि पुतळ्याकडे रागाने पाहिलं. इलाही हळूच म्हणाला, “मी बोललो होतो मॅडम, ह्यो नवरदेव अंगानं लई आडवा हाय.”

तो अंगरखा उतरवायला मला जेवणाची सुट्टी पुरली नाही. काखेतली शिवण बोटभर उसवली होती. ती मी नंतर रेशमी जाळीचा आधार देऊन सावरली, पण त्या दिवशी मला एक गोष्ट पदरात पाडून घेता आली. अंगरख्यासाठीचा आधार मीच बनवणार, असं तांबवेकरांकडून कबूल करून घेतलं. मी आधार म्हणत असे. बाकी सगळे स्टँड म्हणत.

करंजगड हे संस्थान नकाशावर शोधायला चष्मा लागे, इतकं लहान. त्याचा इतिहास मात्र मोठा होता, आणि दर गणेशोत्सवात आणखी वाढत असे. मूळ पुरुष रायाजीमहाराज. मूठभर माणसं घेऊन त्यांनी एक खिंड अडवून धरली होती. ही गोष्ट खरी असावी, कारण शत्रूच्या कागदांतही ती वैतागाने नोंदलेली आहे. त्यांच्या अंगावरच्या वस्तूंपैकी उरला तो हा एक अंगरखा: वरून रेशीम, आतून सुती अस्तर, मध्ये कापूस भरून दोरे घातलेला. चिलखत अंगाला टोचू नये म्हणून आतून घालायचा. चिलखत स्वतः कुठे गेलं ते कोणाला माहीत नव्हतं. डाव्या बाहीवर एक तपकिरी डाग होता. गाइड त्याला रक्त म्हणत. तो तपासायची परवानगी मी मागितली होती. ती मिळाली नाही, कारण तपासल्यावर निकाल लागण्याची शक्यता होती.

दरबार हॉलमध्ये रायाजीमहाराजांचं तैलचित्र होतं. महाराज जाऊन शंभरेक वर्षं झाल्यावर एका चित्रकाराने ते काढलं होतं. त्याने महाराजांना पाहिलं नसलं तरी एखादा पैलवान नक्की पाहिला असणार. चित्रातले महाराज दारात उभे आहेत आणि दार पुरत नाही. करंजगडात महाराजांचं जे काही रूप होतं, कॅलेंडरवरचं, पतपेढीच्या पाटीवरचं, शाळेच्या गेटवरचं, ते सगळं या एका चित्रातून निघालं होतं.

आता नवं शौर्यदालन होणार होतं. उद्घाटनाला पालकमंत्री येणार होते. मधल्या काचेच्या कपाटात हा अंगरखा उभा राहायचा होता. माझा करार दर अकरा महिन्यांनी नवा होत असे आणि तो नेमका उद्घाटनानंतर संपत होता. तांबवेकर मला याची आठवण करून देत नसत. ते फक्त दालनात आले की विचारत, “मग पुढे काय विचार आहे, रेगेबाई?”

मी पदार्थविज्ञान शिकले. पुढे वस्तूंच्या जतनाचा अभ्यासक्रम केला, तेव्हा घरच्यांना वाटलं की मी शिकलेलं वाया घालवते आहे. तसं काही नव्हतं. तिथेही वजन, दाब आणि क्षेत्रफळच होतं, फक्त वस्तू जुन्या होत्या. कपडा खुंटीला टांगला की त्याचं सगळं वजन एका जागी येतं. माणसाच्या अंगावर तेच वजन खांद्यांवर, पाठीवर, छातीवर वाटलं जातं. म्हणून जुन्या कपड्याला उभं करायचं असेल तर त्याच्या आत त्याचा माणूस परत ठेवावा लागतो. तेच माप, तोच उतार. माणूस जाड झाला तर शिवणी जातात, बारीक झाला तर कापड लोंबून स्वतःच्या वजनाने तुटतं. माणूस कसा होता हे कपड्याला विचारायचं, चित्राला नाही. हे तांबवेकरांना मी सांगितलं होतं. त्यांचा प्रबंध संस्थानी जकातीवर होता. ते म्हणाले, “कपड्याला काय विचारायचं, कपडा बोलतो का?”

बोलत होता. मी अंगरखा सपाट पसरून आतून-बाहेरून मापं घेतली आणि पहिल्यांदा मला वाटलं मीच चुकते आहे. छाती बेताची होती, माझ्या भावापेक्षा लहान. ते एक वेळ ठीक. पण डावीकडची खांद्यापासून कंबरेपर्यंतची शिवण उजवीपेक्षा आखूड होती. उजव्या पाठीत, खांद्याच्या हाडावर, शिंप्याने कापडाची एक तिकोनी पाचर घातली होती, तिथे काहीतरी उंच होतं म्हणून. डाव्या खांद्याचं अस्तर गळ्याच्या बाजूला घासून झिरझिरीत झालं होतं आणि उजव्याचं टोकाला. कापड आक्रसून असं होत नाही. तंतू मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. शिंप्याची चूक म्हणावी तर झीज कशी चुकेल? हा कपडा ज्याने घातला त्याचा डावा खांदा खाली गेलेला होता आणि पाठीचा कणा बाकदार होता. तो रोज असाच चालत-बसत होता, घोड्यावरही असाच बसत होता.

अस्सल अंगरखा सारखा हाताळायचा नसतो. म्हणून आधाराची घडण तपासायला मी त्याची साध्या सुती मांजरपाटाची नक्कल शिवून घ्यायचं ठरवलं. गावात चांगले शिंपी म्हणजे हेंद्रे. राजवाड्याचे कपडे त्यांच्याकडेच शिवले जात. हेंद्र्यांनी माझा कागदी नमुना टेबलावर पसरला, टेप लावली आणि डावी बाजू पुन्हा एकदा मोजली.

“डावा खांदा पडका आहे,” ते म्हणाले.

“हो. तसाच ठेवा.”

“पॅड घालू?”

“नको.”

“नको?” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “बरं. असं म्हणणारं पहिलंच गिऱ्हाईक.”

मला तेव्हा ते नुसतं शिंप्याचं बोलणं वाटलं.

फोमच्या पांढऱ्या पाट्या एकमेकींवर चिकटवून मी धड कोरलं. रोज थोडं कापायचं, नक्कल चढवायची, कुठे ताण येतो ते पाहायचं, पुन्हा कापायचं. हळूहळू आतला माणूस दिसायला लागला. बारीक चणीचा, एका बाजूला कललेला, मान किंचित उजवीकडे. एके दिवशी नक्कल त्याच्यावर चढवली आणि कुठेही सुरकुती पडली नाही. मी एक पाऊल मागे गेले. इलाही चहा घेऊन आला होता. तो कपबशी हातात धरून उभाच राहिला.

“हे कोण मॅडम?”

“रायाजीमहाराज.”

इलाहीने दाराबाहेर दरबार हॉलमधल्या तैलचित्राकडे पाहिलं, मग इकडे पाहिलं. “आमच्या गल्लीतला वायरमन वाटतोय,” तो म्हणाला. मग घाईघाईने, “चांगला माणूस हाय तो,” असंही म्हणाला.

राजेसाहेब दालनाची पाहणी करायला आले ते दुपारचे. श्रीमंत विक्रांतराजे करंजगडकर. दोन पेट्रोल पंप, साखर कारखान्याचं संचालकपद आणि गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाची पहिली खुर्ची. पन्नाशीचे, भारदस्त. वैशाख चालू होता, दालनातले पंखे अजून बसवायचे होते, तरी त्यांच्या अंगात बंद गळ्याचा जाड कोट होता. कोट नसलेले राजेसाहेब करंजगडात कोणी पाहिलेले नव्हते. लोक म्हणत, खानदानी माणसाला घाम येत नाही. मला त्यांच्या कानामागून ओघळणारा घाम दिसत होता.

त्यांच्याबरोबर चार-पाच माणसं होती, जी ते थांबले की थांबत आणि हसले की हसत. माझ्या मेजापाशी ते थांबले. मांजरपाट घातलेलं कललेलं धड त्यांच्यासमोर होतं.

“हे काय?” त्यांनी विचारलं.

तांबवेकर म्हणाले, “सरकार, हे अजून अर्धवट आहे. रेगेबाई करताहेत. दुरुस्ती व्हायची आहे.”

“पूर्ण आहे,” मी म्हणाले. “अंगरख्याच्या मापाने केलंय.”

राजेसाहेब त्या धडाभोवती एक फेरी फिरले. छातीपाशी ते फार थांबले नाहीत. पाठीमागे जाऊन उभे राहिले ते मात्र बराच वेळ. पुढे आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“हा खांदा सरळ करा,” ते म्हणाले.

“सरळ केला तर शिवण जाईल, सर. काखेत आधीच—”

“मग नवीन शिवून घ्या.”

बरोबरची माणसं हसली नाहीत, कारण ते हसले नव्हते. ते तसेच निघून गेले. त्यांच्यातला एक जण जाता जाता कुजबुजला की महाराजांची विटंबना आहे ही. थोरल्या पातीच्या लोकांनी पाहिलं तर काय म्हणतील. थोरली पाती म्हणजे राजेसाहेबांचे भाऊबंद. राजेसाहेबांचे आजोबा दत्तक आले होते. त्यामुळे आपलंच रक्त अस्सल, असं थोरल्या पातीचे लोक लग्नात, मयतात आणि कोर्टात सांगत.

ते गेल्यावर तांबवेकरांनी दार लावून घेतलं. ते ओरडले नाहीत. ओरडण्यापुरतं धैर्य त्यांच्यात नव्हतं. त्यांनी मला समजावलं की विज्ञान आपल्या जागी आहे, पण संग्रहालय ही लोकांची जागा आहे. लोकांना महाराज हवे असतात, मोजमाप नको असतं. दोन्ही खांदे सारखे करा, छाती भरा, काम संपवा. नाहीतर ‘शुभमंगल’चा पुतळा अजून आपल्याकडेच आहे, त्याच्यावर इलाही आणि ते मिळून चढवतील. आणि मग माझ्या कराराचं पुढे काय, ते त्यांच्या हातात राहणार नाही.

मी एकच मागितलं. आधी नक्कल त्या पुतळ्यावर चढवून बघू. तांबवेकर आनंदाने तयार झाले. इलाहीने पुतळा आणला, आम्ही त्याला मांजरपाट घातला, तांबवेकरांनी स्वतः बंद ओढले. बंद एकमेकांना भेटायच्या आधीच डावी काख टरकली, आणि पाठीतली पाचर मुळापासून निघाली. नवं, दणकट, बाजारातून आदल्या महिन्यात आणलेलं कापड.

तांबवेकरांनी फाटलेल्या काखेत बोट घालून पाहिलं. विचार केला.

“मांजरपाट हलक्या प्रतीचा दिसतोय,” ते म्हणाले.

मी हेंद्र्यांकडे जाऊन दुसरी नक्कल टाकली. त्यांनी काही विचारलं नाही. अंगरख्याची पेटी मात्र मी कुलूप लावून ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली. सासूबाई पाहायला असत्या तर त्यांना फार समाधान वाटलं असतं. किल्ली मागितली तर देणार नाही, हे मी मनाशी ठरवलं होतं. पुढे काय करायचं ते ठरवलेलं नव्हतं.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. मी दुसरी नक्कल चढवून पाहत होते. इलाही दारात येऊन म्हणाला, “मॅडम, सरकार आल्यात. एकटेच. गाडी पण स्वतःच चालवत.” एवढं सांगून तो गेला आणि दार ओढून घेतलं. इलाहीला कोणती दारं ओढून घ्यायची ते कळत असे.

राजेसाहेबांनी नमस्कार केला. तोच कोट. बसायला सांगितलं तर बसले नाहीत.

“मला एक सांगा,” ते म्हणाले. “शिंप्याची चूक असेल, कापड आखडलं असेल. खांदाच तसा होता कशावरून?”

मी त्यांना पाचर दाखवली. झीज दाखवली, कोणत्या बाजूची कुठे आणि का. ते लक्ष देऊन ऐकत होते. प्रश्न नेमके विचारत होते. मला आश्चर्य वाटलं आणि मग वाटल्याचं थोडं ओशाळंही वाटलं. पेट्रोल पंपाच्या मालकाला उतार आणि भार कळत नाहीत, असं मी का धरून चालले होते?

“शिंप्याने लपवलं नाही?” त्यांनी विचारलं. “थोडा कापूस जास्त घातला असता डावीकडे.”

“मी दोन्हीकडचा थर मोजला. सारखा आहे. हा चिलखताच्या आतला कपडा, राजेसाहेब. आत कोण बघतं? वरून चिलखत सरळच दिसत असणार.”

मग त्यांनी कोटाची बटणं काढायला सुरुवात केली. मी दुसरीकडे पाहू लागले. ते म्हणाले, “असू द्या, बघा. तुमचं कामच आहे ते.”

कोट त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकला. तो त्यांच्याशिवायही ताठ उभा राहिला. डाव्या खांद्यात दोन-तीन बोटं जाडीची गादी शिवलेली होती. आत सदऱ्यातले राजेसाहेब उभे होते, डावा खांदा खाली गेलेला, मान किंचित उजवीकडे. मी त्या फोमच्या धडाकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती, ते मी महिनाभर कोरत होते.

“हा घालून बघू?” त्यांनी नकलेकडे बोट केलं.

मी ती उतरवून दिली. त्यांनी बाह्या घातल्या. खांद्यांवर मांजरपाट असा बसला की मला माझ्या कामाचा अभिमान वाटला, खरं तर तो हेंद्र्यांना वाटायला हवा होता. पाठीतली पाचर नेमकी हाडावर आली. एक सुरकुती नव्हती. पुढचे बंद मात्र पोटावर एकमेकांपासून वीतभर लांब राहिले. तेवढा भाग वंशपरंपरेने आलेला नव्हता.

भिंतीला टेकवलेल्या कपाटाच्या काचेत त्यांनी स्वतःला पाहिलं. डाव्या खांद्यावरून हात फिरवला.

“थोरले सरकार, आमचे वडील,” ते काचेकडे बघतच म्हणाले, “त्या दरबारातल्या चित्राखाली मला उभं करायचे. मिरजेहून पट्टा आणला होता, कातडी. तो बांधून उभं राहायचं. म्हणायचे, बघ त्यांच्याकडे. आपल्या घराण्यात असला खांदा कोणाचा झाला नाही, हा कुठून आला?” ते थांबले. “आईसाहेब तिथेच असायच्या. त्यांना ऐकू जावं असं म्हणायचे.”

बाहेर इलाही बादली सरकवत होता. मी मला येतं ते बोलले.

“राजेसाहेब, एक सांगायला हवं. असे खांदे पुष्कळांचे असतात. शंभरात दोघा-तिघांचे सहज. यावरून रक्त एक आहे असं सिद्ध होत नाही.”

“ते कळतं मला,” ते म्हणाले. त्यांना राग आला नव्हता. “चिलखत किती वजनाचं असेल?”

“त्या काळची पाहिली आहेत मी. दहा-बारा किलो तरी.”

“आणि ते याच खांद्यावर.”

“याच.”

त्यांनी मान हलवली. मग अंगरखा न उतरवता त्यांनी वरून कोट चढवला, बटणं लावली आणि पुन्हा सरळ झाले.

“हा नोंदवहीत कुठे लिहिलेला असतो का?” मांजरपाटाची बाही कोटातून जरा ओढून त्यांनी विचारलं.

“नाही. मांजरपाट कोणी लिहून ठेवत नाही.”

“मग मी नेतो.”

मी हो म्हणाले. तिसरी नक्कल लागली नाही. धड झालेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी तांबवेकर माझ्याआधी दालनात हजर होते. त्यांना आदल्या संध्याकाळी राजवाड्यावरून फोन आला होता की बाईंनी केलंय तसंच राहू द्या. वरिष्ठांचं मत समजलं की तांबवेकरांना स्वतःचं मतही समजत असे. रात्रभर विचार करून त्यांनी शोध लावला होता. राजेसाहेबांचे जुने फोटो त्यांनी काढून पाहिले होते, लहानपणचे, बिनकोटाचे; त्यांतही डावा खांदा खालीच होता.

“रेगेबाई, हा पुरावा आहे,” ते म्हणाले. त्यांचा आवाज दबलेला होता. “थोरल्या पातीचं तोंड बंद. आजोबा दत्तक असले तरी भाऊबंदांतूनच आलेले, रक्त तेच. हे राजलक्षण आहे.”

“सर, तसं सिद्ध होत नाही. मी त्यांनाही सांगितलंय.”

“मंत्र्यांना काय सिद्ध करायचंय?” त्यांनी डोळे बारीक करून धडाकडे पाहिलं, लांब गेले, पुन्हा जवळ आले. “एक करता येईल का? आणखी दोन बोटं खाली घेता येईल डावीकडे? लांबून कळत नाही.”

मी म्हणाले, सरळ केला तर डावीकडे फाटेल, आणखी वाकवला तर उजवीकडे. अंगरखा जेवढा सांगतो तेवढाच खांदा मिळेल. तांबवेकर म्हणाले की विज्ञानवाल्यांना लवचीकपणा नसतो. ते राजवाड्यावर विचारून येतो म्हणून गेले. इलाही त्यांच्याबरोबर फाइल धरायला गेला होता. तो परत आला तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं.

“सरकारांनी ऐकून घेतलं सगळं,” तो म्हणाला. “मग म्हणाले, तांबवेकर, खांदा आहे तेवढाच ऱ्हाऊ द्या. तुमालाच दोन बोटं खाली उभं ऱ्हायला जमतंय का बघा.”

अंगरखा मी एका सकाळी चढवला, इलाहीचे हात धुऊन घेऊन आणि माझेही. तो त्या धडावर गेला तो जणू घरी आल्यासारखा. कुठेच ताण नव्हता. बंद बांधून झाल्यावरही मी तिथेच उभी राहिले. वैज्ञानिक कारणाने उभी आहे, असं मी इलाहीला सांगितलं.

उद्घाटनाला पालकमंत्री वेळेवर आले नाहीत, हे सांगायला नको. आले ते घाईत होते. फीत कापून ते थेट मधल्या कपाटापाशी आले, हात जोडले, डोळे मिटले, उघडले. मग त्यांची मान हळूहळू उजवीकडे कलली.

“हा स्टँड वाकडा बसलाय,” ते म्हणाले. “कोणी केलाय?”

आमच्या संग्रहालयात एखाद्या कामाचं श्रेय इतक्या एकमताने कोणाला कधी मिळालं नव्हतं. सगळे माझ्याकडे वळले. तांबवेकर तर हाताने दाखवत होते. राजलक्षण हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला असावा, पण मंत्र्यांचा चेहरा पाहून तो तिथून परत गेला. मी बोलायला तोंड उघडलं.

“स्टँड सरळ आहे साहेब,” राजेसाहेब म्हणाले. ते कोटात होते, नेहमीसारखे ताठ. “माणूस तसा होता.”

थोरल्या पातीचे दोघे-तिघे मागे उभे होते, त्यांनीही ऐकलं. मंत्र्यांनी एकदा कपाटाकडे पाहिलं आणि एकदा घड्याळाकडे. मग ते फोटोवाल्याला म्हणाले, “या बाजूने घे. इथून कमी दिसतंय.”

करार नवा झाला. पुढेही होत राहिला. तांबवेकर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी शौर्यदालनातला खांदा आपण कसा टिकवला ते सांगितलं. पाटीवर मी एक ओळ लिहिली, की आधार अंगरख्याच्या मापाने बनवला आहे. ती कोणी वाचत नाही. अभिप्रायाच्या वहीत दर महिन्याला कोणीतरी लिहितं की दालन सुंदर, फक्त महाराजांचा स्टँड वाकडा आहे, लक्ष द्यावे. चौकात पुढे महाराजांचा ब्राँझचा पुतळा बसला. तो तैलचित्रावरून केला आहे. त्याच्या छातीवर कबुतरं आरामात बसतात.

मी निवृत्त व्हायच्या वर्षी काही आधारांवर घालायची आच्छादनं शिवायची होती, म्हणून हेंद्र्यांकडे गेले. ते आता थकले होते, कापायचं काम मुलगा करत होता. दुकानात मागच्या खुंटीवर एक अंगरखा टांगलेला होता. मांजरपाटाचा. धुवून धुवून दुधासारखा मऊ झालेला, गळ्याशी विरलेला. पाठीतली पाचर मी दुकानाच्या उंबऱ्यावरून ओळखली. खाली टेबलावर त्याच्याच मापाचं नवं पांढरं सुती कापड बेतून ठेवलं होतं, पोटात सढळ.

“राजवाड्यावरून नमुन्याला येतो, दिवाळीच्या आधी,” हेंद्रे म्हणाले. “दर वर्षी. दोन-तीन शिवून जातात.”

मी जरा वेळ तिकडे पाहत राहिले. करंजगडात बिनकोटाचे राजेसाहेब अजूनही चारचौघांत कोणी पाहिलेले नव्हते. आदल्याच आठवड्यात शाळेच्या बक्षीस समारंभात मी त्यांना पाहिलं होतं, पहिल्या खुर्चीत, जाड कोटात, ताठ.

“पॅड घालता का याला?” मी विचारलं.

हेंद्रे सुईत दोरा ओवत होते. तो ओवून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

“घरात घालायचा आहे बाई,” ते म्हणाले. “घरात कशाला पॅड.”